मुळाला डोळे असतात का?

आमच्या धाकट्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकाही प्रश्नाचे सरळ उत्तर दिले नाही, आणि एवढ्या एका गुणावर त्यांनी माणसांची जी माया मिळवली, ती मला जन्मभर बरोबर उत्तरे देऊन मिळाली नाही. हे मी अगदी शांतपणे लिहितो आहे असे कोणी समजू नये. साडू या नात्यात शांतपणाला मुळातच जागा कमी. दोन भाऊ एका घरात वाढतात, भांडतात आणि मोकळे होतात. दोन साडू मात्र सणावाराला एकाच सासऱ्याच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसवले जातात आणि सगळी आळी त्यांची उंची मोजते. त्यातून आम्ही दोघेही मास्तर. मी बारामतीला, लोकल बोर्डाच्या मोठ्या शाळेत. ते निमगाव केतकीला, दोन खोल्यांच्या शाळेत दुय्यम मास्तर. एक मास्तर आणि एक तलाठी असता तर दोघेही सुखात राहिलो असतो. पण आमच्या सासऱ्यांना, म्हणजे कऱ्हाटीच्या आबांना, कांदा आणि मास्तर या दोन गोष्टींची आपल्याला पारख आहे असे वाटत असे. दोन्ही मुली त्यांनी मास्तरांनाच दिल्या.

साडूंची माझी पहिली भेट त्यांच्याच लग्नाच्या पंगतीत झाली. थोरला जावई या नात्याने मी जरा घसा खाकरून विचारले, "काय, शाळा कशी काय चाललीय?" नवरदेवांनी मुंडावळ्या कानामागे सारल्या, ताटातला पापड उचलून डोळ्यांपुढे धरला आणि मला म्हणाले, "दादा, तळला की पापड एवढा फुगतो, भाजला की तेवढा फुगत नाही. का बरं? तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, "तेलामुळं." ते म्हणाले, "तेल काय करतं?" मी म्हणालो, "तळतं." पलीकडे वाढणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नवरदेवांनी अर्धा पापड शेल्याच्या टोकात बांधून ठेवला, कारण सोमवारी तिसरीला दाखवायचा होता. त्या शेल्यावर तेलाचा डाग कायमचा पडला, आणि तो धाकट्या मेहुणीने पुढे प्रत्येक आल्यागेल्याला कौतुकाने दाखवला. माझ्या कोटावर आयुष्यात एक डाग पडला नाही. त्याचे कौतुक कोणी केल्याचे मला आठवत नाही.

'तुम्हाला काय वाटतं?' हा त्यांचा हातखंडा प्रश्न. ते तो कोणालाही विचारत. मोटारीच्या क्लीनरला, लिलाव पुकारणाऱ्या अडत्याला, चावडीवर डुलक्या घेणाऱ्या कोतवालाला. मला तर भेटल्याबरोबर विचारत. बारामतीला आले की अजून पायांवर पाणी पडलेले नसे, तोच खिशातून काहीतरी निघे. त्यांच्या कोटाचे खिसे म्हणजे एक धान्यबाजार होता: गोगलगाईचा शंख, करडईचे बोंड, गंजलेला खिळा आणि तेवढ्याच वयाचा न गंजलेला खिळा. एकदा सर्व्हिस मोटारीने येताना त्यांनी डबीत बेडकाची पिल्ले आणली. वाटेत मोटार एका खड्ड्यातून उसळली, डबी सांडली, आणि बारामतीचे एक सावकार उपरणे झटकत उभे राहिले. दुसऱ्या कोणाला त्यांनी मोटारीतून खाली उतरवले असते. साडूंनी त्यांच्या उपरण्यावरचे पिल्लू तळहातावर घेऊन विचारले, "शेठजी, याला शेपटी आहे आणि पायही आहेत. आधी काय आलं असेल? तुम्हाला काय वाटतं?" बारामती येईपर्यंत सावकार आणि ड्रायव्हर यावर वाद घालत होते. मोटारीतून उतरताना सावकारांनी साडूंना घरी जेवायला बोलावले. मी त्या सावकारांच्या मुलाला तीन इयत्ता शिकवले होते. मला त्यांनी पाणीसुद्धा विचारले नव्हते.

आता पाठाचे टाचण ही काय चीज आहे, हे मास्तरकी केलेल्या माणसाला सांगायला नको. हेतू, साहित्य, प्रस्तावना, विवेचन, उजळणी. माझे टाचण तांबड्या शाईच्या समासात असे बसलेले असे की, आमचे हेडमास्तर ते नव्या मास्तरांना वळणासाठी दाखवत. साडूंचे टाचण मी एकदा पाहिले आणि मला घाम फुटला. वर एक प्रश्न होता: 'माठातले पाणी गार का?' त्याखाली मुलांची उत्तरे आधीच लिहिलेली, आणि एकजात सगळी चुकीची. 'माठ सावलीत असतो म्हणून.' 'माती थंड असते म्हणून.' 'आई पहाटे भरते म्हणून.' प्रत्येक उत्तरापुढे, असे म्हणणाऱ्या पोराच्या हातात काय द्यायचे ते होते: एक माठ उन्हात ठेवायचा, एकाला बाहेरून तेल चोपडायचे, एक दुपारी भरायचा. खऱ्या उत्तराचा पत्ता नाही. मी म्हणालो, "अहो, उत्तर कुठं आहे?" ते म्हणाले, "ते पोरं काढतील. मला काय येतं ते लिहून काय उपयोग, दादा? त्यांना काय वाटतं ते आधी कळायला पाहिजे." आणि ते कळावे म्हणून हा माणूस आठ आठ दिवस तिसरीतल्या पोरांबरोबर ओढ्यात पाय सोडून बसे, कुंभाराच्या आव्यापाशी तिष्ठत उभा राही, आणि मग कुठे अर्ध्या तासाचा पाठ घेई. मी अर्ध्या तासात आठ पाठांची टाचणे काढत असे.

एकदा कामाच्या निमित्ताने निमगावला बाजाराच्याच दिवशी जाण्याचा योग आला. बाजाराच्या दिवशी शाळेत पोर टिकत नाही, म्हणून शहाणा मास्तर दाराला आतून कडी घालतो. साडूंनी सगळा वर्गच बाजारात सोडला होता. काम एवढेच दिलेले: कोणती भाजी मूळ, कोणती खोड, कोणती पान आणि कोणती फळ, ते विकणाऱ्यांशी बोलून ठरवायचे. मुळ्यापाशी सगळे ठीक चालले, रताळ्यापाशी कुजबूज झाली आणि कांद्यापाशी मारामारीची वेळ आली. "माझा कांदा मूळ न्हाय म्हंजी?" एक माळीणबाई कमरेवर हात ठेवून विचारत होती, "जिमिनीतनं उपटलाय म्यां माझ्या हातानं." शेजारच्या गवारीच्या पाटीवाल्याने तोंड घातले, "मावशे, मुळं तर त्याच्या बुडाला हायती. ही बघ मिशी. मंग वरचा गड्डा कोन?" साडू मध्ये उभे, हात मागे बांधलेले, चेहरा प्रसन्न. "मावशी, उभा चिरून बघू या का? तुम्हाला काय वाटतं?" मावशीने आपल्या हातांनी, विकायचा कांदा चिरला. पापुद्र्याला पापुद्रा निघाला, आणि पानांची पोपटी टोके आतून वर येताना दिसली तेव्हा ती बाई एखादी चोरी सापडल्यासारखी बघत राहिली. पुढच्या बाजारापर्यंत निमगावात दुसरा विषय नव्हता. मी बारामतीला वर्षानुवर्षे 'कांदा हे भूमिगत खोड आहे' असे फळ्यावर लिहीत आलो, आणि बारामतीच्या बाजारात एका माणसालाही त्याचे काही वाटले नाही.

हे सगळे मी गिळले असते. पण एकोणीसशे तीस सालाच्या पुढच्या त्या वर्षांत आमचे हेडमास्तर पेन्शनीत निघाले, आणि त्यांच्या खुर्चीसाठी शाळा तपासणाऱ्या डेप्युटीसाहेबांपुढे दोन नावे गेली. एक माझे. दुसरे कोणाचे हे सांगायला नको. साहेबांनी दोघांचेही पाठ बघायचे ठरवले. इयत्ता तिसरी, विषय दोघांनाही एकच: मूळ. कऱ्हाटीत ही बातमी कांद्याच्या भावाआधी पोचली. आबा बाजाराला आले तेव्हा मुद्दाम घरी येऊन म्हणाले, "दोगंबी माजंच हायती. पर खुर्ची एकच हाय म्हनं." आमची ही आतून म्हणाली, "मिळंल ज्याला मिळायची त्याला." ज्याच्या घरात बायको असे निःपक्षपाती बोलते, त्याला रात्री झोप कशी लागावी?

माझा पाठ आधी झाला. काय सांगू, घड्याळासारखा झाला. मी विचारले, "मुळाची कामे कोणती?" आणि वर्ग एका सुरात म्हणाला, "झाडास आधार देणे व जमिनीतील अन्न शोषून घेणे." मी विचारले, "मूळ कोठे वाढते?" वर्ग म्हणाला, "जमिनीत, खालच्या दिशेने." साहेब मान डोलवत होते. दुसऱ्या दिवशी निमगावला जाताना त्यांनी मलाही मोटारीत घेतले, कारण त्यांच्या जेवणाची सोय माझ्या मेहुणीकडे होती.

साडूंनी चार दिवस आधीच मुलांकडून खापरांत वाल पेरून घेतला होता. कोणी बी उभे पेरले, कोणी आडवे, कोणी चक्क उलटे. आता उलट्या बीचे काय होणार यावर वर्गाचे तीन तट करून ते तीन भिंतींना बसवले होते: रोप खाली जाईल म्हणणारे, वर येईल म्हणणारे, आणि बी मरेल म्हणणारे. मत बदलले की उठून दुसऱ्या भिंतीला जायचे. "पेरताना पाभरीतनं बी कसंबी पडतंय," वरच्यांपैकी एक जण तावातावाने सांगत होता, "उलटं पडल्यालं समदं खाली गेलं असतं तर निम्मं पीक पाताळात उगवलं असतं." हे ऐकून मरणाऱ्यांपैकी बरेच उठून त्याच्याकडे गेले. मग खापरे फोडली. उलट्या बीचा कोंब वर वळला होता आणि मूळ वळसा घालून खालीच गेले होते. इथे पाठ संपवून उजळणी घेतली असती, तर माझी खुर्ची गेली होती. पण मेंढरे विकून नुकतेच शेतीला लागलेल्या एका घरची पोर पुढे आली, ते वाकडे मूळ बोटाने चाचपून बघितले आणि म्हणाली, "पर मास्तर, खाली कुटं हाय ते ह्याला कळतंय कसं? आत तर अंधार. मुळाला डोळं असत्यात का?"

साडू तिच्यासमोर मटकन खाली बसले. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू घरात पाळणा हलल्याची बातमी आली असावी. "मला ठाऊक नाही," ते म्हणाले. डेप्युटीसाहेबांसमोर, भर वर्गात, मास्तर म्हणाले, मला ठाऊक नाही. "मी हे कधी मनात आणलंच नव्हतं. कोणाला काय वाटतं?" साहेबांची पेन्सिल कागदावर टेकली ती मी पाहिली. शेरा पुढे आम्हा सगळ्यांना कळला: शिक्षकास विषयाचे ज्ञान अपुरे. त्या घडीला माझ्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. एक, खुर्ची माझी झाली. दुसरी, त्या पोरीने हा प्रश्न मला विचारायला हवा होता. मी इतकी वर्षे मूळ शिकवले, आणि कोणी मला काही विचारले नव्हते. वाटेत मोटारीत साहेब बराच वेळ बाहेर उसाकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "मास्तर, पण खरंच, कळतं कसं हो मुळाला?" मी म्हणालो, "साहेब, तिसरीच्या पुस्तकात ते नाही." साहेब पुन्हा उसाकडे वळले.

मी हेडमास्तर झालो. किल्ल्यांचा जुडगा आला, टेबल आले, घंटा माझ्या हुकमाने वाजू लागली. साडू अभिनंदनाला आले ते पेढे घेऊन आणि मनापासून हसत, त्यामुळे माझी निम्मी मजा गेली. पेढा हातावर ठेवता ठेवता म्हणाले, "दादा, त्या मुळाचं काय असेल हो? तुम्हाला काय वाटतं?" मला वाटले, हा माणूस माझी परीक्षा बघतो आहे. मी म्हणालो, "निसर्गनियम." त्यांनी मान हलवली आणि पुढे काही विचारले नाही.

पुढे अधिक महिना आला आणि कऱ्हाटीहून दोघा जावयांना धोंडे खायला बोलावणे आले. यंदा हेडमास्तर म्हणून जायचे, म्हणून मी नवे उपरणे घेतले. आबांनी दोन पाट मांडले होते. माझ्या पाटाभोवती रांगोळी जरा जास्त आहे असे मला वाटले. साडू आदल्या दिवशीच येऊन बसले होते. पहाटे मी उठून बघतो तर ते जात्यापुढे उकिडवे बसून सासूबाईंशी बोलत होते. सासूबाई पदर पुढे ओढून ऐकत होत्या. मातीने भरलेल्या चार पणत्या शेजारी होत्या. प्रत्येकीत मोड आलेला वाल, आणि चिकटवायला भिजवलेली कणीक.

"मामी, जातं आजचा दिवस मिळेल का?"

"काय दळायचंय, जावायबापू?"

"दळायचं काही नाही. नुसतं फिरत राहायला पाहिजे. थांबता कामा नये. फिरत ठेवलं तर मूळ कुठं जातं ते बघायचंय."

सासूबाईंनी जात्याचा खुंटा चाचपला. "रिकामं जातं फिरवू न्हाय," त्या म्हणाल्या. "घरात भांडनं लागत्यात." मला वाटले, झाले, मिटले. पण त्या लगेच उठल्या आणि परसदारी जाऊन पलीकडच्या घराला हाक दिली, "ए, तुज्यात दळान हाय का गं? आज आमच्या जात्याव ये. समद्यास्नी सांग." आणि आळीच्या आळी सुपे घेऊन लोटली. एकीची बाजरी, एकीची ज्वारी, एकीचा हुलग्याचा भरडा. पणत्या वरच्या तळीच्या कडेला कणकेने बसवल्या गेल्या, एक पणती मात्र कोपऱ्यात नुसतीच ठेवली, आणि जाते सुरू झाले. एक दमली की खुंटा दुसरीच्या हाती, जाते न थांबता. माझी मेहुणी बसली, आमची ही बसली. जात्यापाशी गप्प कोण बसते? लवकरच ओवी निघाली:

धाकला जावाय माजा, जात्याला पेरी वाल,
पुसतो मुळाला, सांग कुनीकडं तुजी चाल.

थोरल्या जावयाच्या वाट्याला ओवी आली नाही. मी ओट्यावर बसून दिवसभर वाट पाहिली. धोंडे पोटात, अनारसे पुढ्यात, नवे उपरणे खांद्यावर, आणि लक्ष सगळे आतल्या घरघरीकडे. ज्या जात्याला हात लावायला मला कधी कोणी सांगितले नाही, ते जाते त्या माणसासाठी गाव फिरवत होते. हेवा म्हणजे काय, हे त्या दिवशी मला कोणी विचारले असते तर मी टाचण न काढता सांगितले असते.

दिवेलागणीला जाते थांबले. आबा कंदील घेऊन आले. साडूंनी आधी कोपऱ्यातली पणती मोडली: मूळ सरळ खाली. मग जात्यावरची पहिली मोडली. मूळ खाली गेले नव्हते. तिरके झाले होते, बाहेरच्या कडेकडे. दुसरी, तिसरी, तशीच. सगळ्यांची डोकी कंदिलाखाली आली. साडू मान वर करून भोवताली बघत होते, आणि नेमके माझ्यापाशी थांबले. "दादा, तुम्हाला काय वाटतं?"

मी पुस्तकातले वाक्य शोधले, पण पुस्तकात जाते नव्हते. माझे डोळे आपोआप जात्याखाली गेले. तिथे पिठाचे कडे पडलेले होते. मी म्हणालो, "पीठ मध्ये पडत नाही, कडेलाच येतं. फिरण्यानं ते बाहेर ढकललं जातं. मूळही तसंच… म्हणजे त्याला दिसत नसेल काही. पण ओढ कुठल्या बाजूला आहे ते कळत असेल. एरवी ओढ खाली असते. आज बाहेर झाली."

साडू माझ्याकडे बघत राहिले. त्या धनगराच्या पोरीकडे बघितले होते तसे. "मला हे सुचलं नव्हतं," ते म्हणाले. परत जाताना बैलगाडीत आमची ही माझ्या उपरण्यावरचे पीठ झटकत होती. मग म्हणाली, "आज तुमी लई चांगलं बोललात." लग्नाला इतकी वर्षे होऊनही ते वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. पुढे कळले की निमगावच्या तिसरीला तो पाठ घेताना साडूंनी पणत्या दाखवल्या आणि सांगितले, हे आमच्या थोरल्या साडूंना सुचलं. म्हणजे माझे नाव निघाले तेही त्यांच्या तोंडून. पाठ चांगला झाला म्हणे. शेवटी कोणीतरी विचारले, ओढ कळते ती मुळाच्या टोकाला का सगळ्या अंगाला, आणि साडू पुन्हा म्हणाले, मला ठाऊक नाही.

ते निमगावलाच दुय्यम मास्तर म्हणून पेन्शनीत निघाले. मी हेडमास्तर म्हणून निघालो, भाषणे झाली, शाल मिळाली. खुर्चीवर होतो तोवर माणसांनी मला पुष्कळ विचारले: रजा मिळेल का, खडू संपलेत, दाखला कधी मिळेल. सगळ्यांना मी बरोबर उत्तरे दिली. गेल्या साली साडू गेले. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या उशाशी कुठलेसे बोंड होते आणि ते बोट दाखवून मला काही विचारू पाहत होते. शब्द कळले नाहीत. कोणते शब्द ते मला ठाऊक होते.

आता पडवीत एका डब्यात मी वाल लावला आहे. रोप उजेडाकडे जाते आणि मूळ अंधाराकडे. मग दोघांच्या मध्ये जो बोटभर देठ आहे तो कोणाचे ऐकतो, हे मला काही केल्या कळत नाही. हिला विचारले, तर म्हणाली, "धाकल्या पावन्यांस्नी विचारायला पायजे हुतं." खरे आहे. त्यांना प्रश्न पडला की ते मोटारीत बसून बारामतीला येत, कारण विचारायला त्यांना मी होतो. मला प्रश्न पडू लागला तो आता, कोणी नसताना. या बाबतीतसुद्धा त्यांचेच नशीब चांगले, आणि त्याचा मला अजून हेवा वाटतो. तुम्हाला काय वाटतं, असे मला दुसऱ्या कोणी कधी विचारले नाही.